आळीतलं भात

परवा नसरापूरच्या बाजारात माझ्या जुन्या नोकरीतल्या वाडीचा एक माणूस भेटला. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या आणि उठता उठता तो म्हणाला, "भाऊसाहेब, वरच्या आळीत आता काँक्रीट झालंय बरं का. दोनी अंगाला झाकलेली गटारं, पार वढ्यापत्तूर. शेवटी नानाच बरोबर व्हते म्हनायचं."

तो सहज बोलून गेला. पण माझं डोकं जे सणकलं ते घरी येईपर्यंत उतरलं नाही. नाना बरोबर होते म्हणे! ज्या माणसाने पंचायतीला, आळीतल्या प्रत्येक घराला आणि खुद्द स्वतःच्या बायकोला वर्षानुवर्षं चिखलात अडकवून ठेवलं, तो माणूस बरोबर होता. बायकोला मी सगळं पुन्हा एकदा सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही नानांचं नाव काढलंत की जेवण बेचव होतं, उद्या सांगा." म्हणून इथं सांगतो.

मी त्या गावाचा ग्रामसेवक होतो. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. शिव्या द्यायच्या असल्या तरी लोक आधी भाऊसाहेब म्हणतात आणि मग देतात. गाव वेल्ह्याच्या बाजूला, गुंजवण्याच्या अलीकडे, आणि त्याच्या वाड्यांतली सगळ्यात वरची, डोंगराच्या उतरणीवरची वाडी नानांची. या लोकांचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा त्यांना इथं आणून वसवलं. घरं उभी राहिली, दिवे आले, यथावकाश नळही आला. राहिली ती घरांच्या मधली आळी. कच्ची, तांबड्या मातीची, उताराची. पावसाळ्यात डोंगराचं पाणी त्याच आळीतून खाली यायचं आणि घराघरांचं सांडपाणी त्यात मिसळायचं. ज्येष्ठापासून दसऱ्यापर्यंत त्या आळीतून माणसं चालत नसत, घसरत असत.

नानांचं घर आळीच्या मध्यावर. तिथून खाली डांबरी सडकेपर्यंतचा तुकडा जरा सपाट होता, त्यामुळे वरून आलेलं सगळं पाणी तिथं थबकायचं आणि गुडघाभर राड व्हायची. नाना सत्तरीला आलेले, उंच, सडसडीत. टोपी परीटघडीची, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि पाय अनवाणी. चपला घेतल्या होत्या, पण त्या घरात खुंटीला टांगलेल्या असत. "रस्ता झाल्यावर घालीन," म्हणायचे.

माझी नेमणूक झाली त्या पहिल्या वर्षी, पाऊस लागायच्या आधी, मी मोठ्या हौसेने तिकडे ट्रॅक्टरभर मुरूम पाठवला. मागोमाग मीही गेलो. बघतो तर आळीच्या तोंडाशी नानांनी बाज टाकली होती आणि तिच्यावर बसून ते वाखाची दोरी वळत होते. ट्रॅक्टरवाला हाताची घडी घालून उभा.

"नाना, बाज घ्या बाजूला. मुरूम आलाय तुमच्या रस्त्यावर टाकायला."

"बसा की भाऊसाहेब. अगं ए, च्या टाक, भाऊसाहेब आल्यात."

"चहा नंतर. आधी बाज."

"मुरूम टाकायचा न्हाई," नाना दोरीला पीळ देत म्हणाले. "मुरूम पडला की तुमच्या दप्तरात रस्ता झाला. पहिल्या पावसात मुरूम जानार वढ्याला आन दप्तरातला रस्ता ऱ्हानार तसाच. मग पक्क्याचं नाव कोन काढतंय?"

यात खोटं काय आहे ते मला सापडेना, आणि म्हणूनच चीड जास्त आली. मुरूम शेवटी खालच्या वाडीत पडला. ट्रॅक्टरवाला दोनदा चहा पिऊन, नानांना रामराम करून गेला. हीच त्यांची तऱ्हा होती. ज्याला अडवायचं त्याला आधी बसवायचं, चहा पाजायचा, घरच्यांची चौकशी करायची आणि मग अडवायचं. भांडायला गेलेला माणूस परत येताना पिशवीत चार काकड्या घेऊन यायचा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आमी दिलं तवा आख्खं दिलं." ते कधीही, कुठंही निघायचं. "शेत दिलं, घर दिलं, देवळाचा पार दिला. निम्मं ठिवतो म्हनलो का? मग तुमी आमाला निम्मं का देता?" निम्म्या गोष्टींचं त्यांना इतकं वावडं होतं की एकदा तालुक्याला मी त्यांना एका साहेबांकडे घेऊन गेलो, तर साहेबांनी अर्धा कप चहा पुढे केला आणि नानांनी कप बोटाने सरकवून परत दिला. "साहेब, एकतर भरून द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या." साहेबांना वाटलं, म्हातारा गमत्या आहे. ते हसले. नाना हसले नाहीत. मग पुन्हा चहा आला, तो नानांनी फुंकून फुंकून सावकाश संपवला, तोवर साहेबांना मीटिंगचं बोलावणं आलं आणि रस्त्याचा विषय निघालाच नाही. परतीच्या एसटीत मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "च्या मातुर चांगला व्हता."

एका वर्षी आळीतल्या पोरांनी युक्ती काढली. दसऱ्याला देवाची पालखी घरोघर फिरते. आदल्या दिवशी पोरं घमेली-फावडी घेऊन जमली आणि म्हणाली, नाना, हे सरकारसाठी नाही, देवासाठी आहे. पालखीच्या वाटेवर दगड टाकू द्या. देवाचं नाव आल्यावर म्हातारा विरघळेल असं मलाही वाटलं होतं. नाना म्हणाले, "देव खांद्यावर बसून येतो. त्याला कुठला चिखल लागतोय?" पोरं फावडी घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी पालखीचे भोई नानांच्या दारापुढे मांडीपर्यंत रुतले, पालखी एका अंगाला कलली आणि पुढच्या भोयाने देवाच्या समोरच नानांचा उद्धार केला. नानांनी त्यालाही चहा पाजला.

गटाराची कथा तर याहून वरताण. फार खटपटी करून मी आळीला उघडं गटार मंजूर करून आणलं. ठेकेदाराने ते वरच्या टोकापासून बांधत आणलं आणि बरोबर नानांच्या अंगणापाशी आणून सोडलं. पुढचं काम पुढच्या वर्षी, म्हणाला. म्हणजे आजवर आळीभर पसरणारं पाणी आता शिस्तीत एका रेषेत येऊन नानांच्या अंगणात पडू लागलं. मी घाबरत घाबरत गेलो. म्हटलं, नाना, तात्पुरता एक चर मारून पाणी मागच्या बाजूने काढून देऊ. नाना अंगणात ओंडक्यावर बसले होते, पाय पाण्यात. चेहऱ्यावर असं समाधान की जणू लेकीचं लग्न ठरलंय.

"चर मारायचा न्हाई. आता तरी दिसंल समद्यांला. चर मारला की काय दिसनार?"

"अहो, पण गोठ्यात पाणी शिरलंय!"

"शिरू द्या. त्याबिगर कुनी येतं का बघायला?"

आत सोनाकाकू, म्हणजे नानांची बायको, घमेल्याने गोठ्यातलं पाणी उपसत होत्या. वाकताना दर वेळी एक हात गुडघ्यावर ठेवत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली, आणि मला त्या क्षणी नानांना उचलून ओढ्यात नेऊन टाकावंसं वाटलं.

काकूंबद्दल सांगायलाच हवं. त्यांचे गुडघे गेले होते. एका पावसाळ्यात त्या अंगणाच्या कडेला घसरून पडल्या, कंबर धरली, तेव्हापासून पाऊस लागला की त्यांचं खाली उतरणं बंद. दारातल्या पोत्यावर बसून वाल सोलायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खालच्या बातम्या विचारायच्या. खालचं म्हणजे काय, हाकेच्या अंतरावरचं. "भाऊसाहेब, दुकानाला रंग दिलाय म्हनं. कसला दिलाय वो?" दुकान सडकेला होतं, त्यांच्या दारातून त्याचे पत्रेही दिसत. मी रंग सांगायचो. त्या मान डोलवायच्या आणि पुढचं विचारायच्या. नाना शेजारी दोरी वळत बसलेले असायचे आणि त्यांना यात काही वावगं वाटायचं नाही. सरकार आख्खा रस्ता देईपर्यंत काकू पोत्यावर बसणार, एवढा साधा हिशेब होता.

मग त्यांच्या सुरेखाला दिवस राहिले. सुरेखा ही त्यांची एकुलती लेक, सारोळ्याला नीरेच्या पुलाजवळ दिलेली. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर हे पहिलंच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. काकूंनी माळ्यावरची बाज खाली काढली, शेवग्याची पानं वाळवली, बाळंतविडा जमवला. आषाढात विहीणबाई सुरेखाला पोचवायला आल्या. सडकेवर गाडीतून उतरल्या, आळीकडे बघितलं, दोन पावलं टाकली आणि थांबल्या. "पोरीला इथं ठिवू, पन रातीअपरातीला दवाखान्यात न्यायचं झालं तर कुनाच्या पाठीवर न्यायची?" एवढंच म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. सुरेखाला पुन्हा गाडीत बसवलं आणि परत घेऊन गेल्या. आई दारात आणि लेक सडकेवर, मध्ये राड, दोघींनी लांबूनच हात केला. काकूंनी संध्याकाळी बाज पुन्हा माळ्यावर चढवायला लावली.

नानांना हे लागलं. लागलं नाही असं मी म्हणणार नाही. आता तरी हा माणूस दगड टाकू देईल, असं आळीतल्या सगळ्यांना वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी बैल जुंपले, दारापासून सडकेपर्यंत आळीची चिखलणी केली आणि लावणीतून उरलेलं इंद्रायणीचं रोप तिथं लावून टाकलं. भोरहून एक वार्ताहर बोलावला. रस्त्यात भातलावणी, असा फोटो छापून आला.

असे फोटो पुष्कळ गावं काढतात. फोटो निघाला की रोपं उपटून टाकतात आणि ज्याच्या त्याच्या कामाला लागतात. नानांना हे कोण सांगणार? त्यांनी कडेने बांध घातले, गटाराचं पाणी हवं तेवढं आत घेतलं, तण काढलं. आणि ते भात असं माजलं की विचारू नका. आख्ख्या वाडीचं शेणमूत, खरकटं त्याला मिळत होतं. शेतातल्या भातापेक्षा आळीतलं भात उंच झालं, काळंभोर झालं. लोक आधी हसले. मग बायका म्हणायला लागल्या, काय आलंय गं बाई. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की आता आळी बंद झाली, कारण उभ्या भातात पाय घालायचा कुणी? घरातलं पोरगं जरी बांधावरून रोपावर घसरलं तरी आई त्याला धपाटा घालायची. ज्यांची चांगली खाचरं धरणाखाली बुडाली होती, ते सगळे निमूट घरांच्या मागून, निसरड्या बांधावरून खाली जाऊ लागले. काकूंना तो बांध जमणं शक्यच नव्हतं.

मी गेलो. "नाना, फोटो झाला, बातमी झाली. आता काढा हे."

"भाऊसाहेब, तुमी शेतकऱ्याचंच पोर ना? उभं पीक काढ म्हनता?"

मी शेतकऱ्याचंच पोर. तसाच मागं फिरलो आणि त्याचाही मला राग आला.

आता पुढचं ऐका. त्या फोटोने खरोखरच काम केलं. वरून फोन आले, विचारणा झाली, आणि भाद्रपदात उघडीप मिळाली तेव्हा गटाराचं पाणी पाइपातून थेट ओढ्यापर्यंत न्यायचं आणि वर दगडाचं सोलिंग करायचं काम मंजूर झालं. नंतर त्यावर काँक्रीट होणार, तेही कबूल झालं. शिवऱ्याहून खोदायचं मशीन आलं. मी सकाळी देवाला हात जोडून निघालो. सडकेवर मशीन उभं, आणि समोर ते भात. नुकतं निसवलेलं. लोंब्या बाहेर पडलेल्या, वाऱ्यावर हलणाऱ्या. मशीनवाला तिशीचा गडी होता. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, एक लोंबी तळहातावर घेऊन पाहिली.

"ह्यात मशीन घालू म्हनता?"

"घाल," मी म्हणालो.

"न्हाई जमायचं, भाऊसाहेब. घरी कळलं तर आई मला जेवाय वाढायची न्हाई."

नाना बांधावर उभे होते. ते अगदी समजूतदारपणे म्हणाले, "दिवाळीला या. कापनी झाली की आळी मोकळीच हाय."

मी त्या दिवशी तोंडाला येईल ते बोललो. अहो, तुमचा आख्खा रस्ता दारात उभा आहे आणि तुम्ही त्याला मूठभर भातासाठी माघारी पाठवताय! आळीतले लोकही ओरडले, पण त्यांच्यातल्या एकानेही पुढे होऊन रोपाला हात लावला नाही. मशीन दुपारपर्यंत थांबलं आणि दुसऱ्या गावाला निघून गेलं. एकदा गेलेलं मशीन आणि एकदा मागे पडलेलं काम पुन्हा कधी येतं ते ज्याने सरकारी नोकरी केली आहे त्याने समजून घ्यावं. नानांनी माझ्यासाठी चहा आणला. मी तो घेतला नाही.

माझी बदली त्यानंतर लवकरच झाली. काँक्रीट व्हायला पुढे कितीतरी पावसाळे गेले, आणि त्याआधीच नाना गेले. काकू आता लेकीकडे सारोळ्याला असतात. रस्ता झाला तेव्हा त्या घरातलं कुणीच त्यावर चालायला नव्हतं. म्हणून मला कुणी नाना बरोबर होते असं सांगू नये.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते सुरेखाच्या मुलाच्या बारशाच्या दिवशी. ती भोरच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगा झाला, बारसं सारोळ्याला ठरलं. दसरा तोंडावर आलेला, भात अजून हिरवंच, दाण्यात दूध भरत होतं. मला नसरापूरला जायचं होतं, म्हणून मी सडकेवरून प्रवासी भरून नेणारी वडापची जीप थांबवून ठेवली होती. काकूंना त्याच जीपमधून पुढे सारोळ्याला पाठवायचं होतं. नानांनी बेत केला होता की खुर्चीला बांबू बांधून चौघांनी काकूंना मागच्या बांधावरून उचलून आणायचं. ते घरामागे खुर्चीला दोऱ्या बांधत होते.

काकू बाहेर आल्या. नवं लुगडं, काखेत कुंची-दुपट्याचं बोचकं. हातात विळा. अंगणाच्या कडेला त्या बसल्या, बोचकं पाठीशी बांधलं आणि समोरच्या भाताची मूठ धरून विळा घातला.

एकेक मूठ कापायची, चिखलावर अंथरायची, त्यावर सरकायचं, पुढची मूठ धरायची. आळीतले सगळे दारात आले. कुणाला पुढे होता येईना आणि कुणाला बघवेना. शेजारची एक म्हातारी कळवळून म्हणाली, "सोने, दान्यावर आलंय गं."

"माझ्या पोरीचं बाळंतपन हितं झालं न्हाई," काकू मान वर न करता म्हणाल्या. "तवा कुनाच्या हातात विळा आला न्हाई. आता मधी बोलू नगा."

तेवढ्यात नाना घरामागून आले. हातात दोरीचं भेंडोळं. बायको भातात बसलेली त्यांनी पाहिली.

"अगं, खुर्ची बांधलीय की तुला न्यायला."

"खांद्यावरनं मढी नेत्यात," काकू म्हणाल्या. "नातवाकडं मी माझ्या पायानं जानार."

नाना दोरी खाली टाकून भातात उतरले, थेट काकूंसमोर जाऊन बसले आणि हात पुढे केला. मला वाटलं, आता अडवणार. चहासुद्धा सांगणार.

"दे हिकडं," ते म्हणाले. "बोटं कापून घेशील."

विळा घेऊन त्यांनी सडकेपर्यंत एका वाटेपुरतं भात स्वतः कापलं आणि चिखलावर अंथरत नेलं. सवयीच्या हाताने, बुडातून, लोंब्या सगळ्या एका बाजूला पडतील अशा बेताने. आम्ही सगळे उभ्या उभ्या बघत राहिलो. सडकेपाशी पोचल्यावर ते उठले, मागे आले आणि त्यांनी काकूंना हात दिला. अंथरलेलं भात एका माणसापुरतंच होतं. काकू त्यावरून चालल्या आणि नाना शेजारून, गुडघाभर चिखलातून, त्यांचा हात धरून. सडकेवर पाय पडल्यावर काकूंनी क्षणभर डोळे मिटून घेतले.

जीपमध्ये बसल्यावर त्या म्हणाल्या, "चला की तुमीबी. धुवा पाय."

नानांनी पायांकडे बघितलं, मग मागं आळीकडे. आळीतली मंडळी हिरव्या भाताच्या त्या पट्ट्याकडे बघत उभी होती. "तू हो फुडं," ते म्हणाले.

"आवं, नातवाचं बारसं हाय. आजा कुठं हाय म्हनून इचारलं तर काय सांगू?"

नानांनी खरोखरच विचार केला. म्हणाले, "सांग त्यांला, आजा रस्त्याचं बघतोय."

मी कपाळाला हात लावला. ड्रायव्हरला म्हटलं, चल बाबा तू. जीप सुरू झाली. मी मागं वळून पाहिलं तर आळीतल्या बायका एकामागोमाग एक त्या वाटेने खाली यायला निघाल्या होत्या, आणि नाना कडेला चिखलात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकीला हात देत होते. हात देताना ओरडतही होते. "मधनं चाला! कडंचं भात तुडवू नगा!"

ते ऐकून काकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि नसरापूरला मी उतरलो तरी तो खाली घेतला नव्हता.